फोटोचा दिवस

१

ट्रंकेचं कुलूप शाबूत होतं. किल्ली नेहमीच्या जागी, म्हणजे माझ्या खुर्चीमागच्या खिळ्यावर होती. आतली पाकिटं दाटीवाटीनं उभी होती आणि त्यातलं आम्हाला हवं असलेलं तेवढं एकच पाकीट गायब होतं.

"बाई, मी ट्रंकेला हातसुद्धा लावलेला नाही," शिपाई म्हणाला.

"तू कशालाच हात लावत नाहीस. त्याबद्दल कुणाला शंका नाही," मी म्हटलं.

मी कामगारांच्या दाव्यांची चौकशी करते. निकाल मंडळ देतं, शिव्याशाप मी खाते. लोक मला पाठीमागे खवटबाई म्हणतात आणि ते काही खोटं नाही.

दावा ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यातला होता. बॉयलरला गुंडाळायचे दोर आणि कापड तिथे बनतं. त्यासाठी कच्चा तंतू आधी पिंजावा लागतो आणि पिंजण खात्यात धुळीनं समोरचा माणूस दिसत नाही. त्या खात्यातला एक पिंजारी खोकत खोकत गेला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नुसतं छाती ऐकून मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं की हा धुळीनं गेला. कंपनी म्हणाली, कानानं ऐकलेलं काय घेऊन बसलात, आमच्याकडे एक्स-रे आहेत. धुळीचा आजार वाढायला वर्षानुवर्षं लागतात आणि या माणसाची छाती मरायच्या आदल्या वर्षापर्यंत स्वच्छ होती. कंपनीच्या पाठीशी एक प्राध्यापक होते. त्यांनी कारखान्यातल्या सगळ्या कामगारांचा अभ्यास करून छापलं होतं की एवढ्या धुळीनं कुणाला काही होत नाही.

मी म्हटलं, एक्स-रेबद्दल सांगू नका, एक्स-रे आणा. शनिवारी सगळ्या कामगारांच्या एक्स-रेंची ट्रंक आली. सोमवारी बाहेरचे तज्ज्ञ येऊन पिंजाऱ्याचं पाकीट वाचणार होते. सोमवारी पाकीट नव्हतं.

शनिवारी माझ्या खोलीत ट्रंक आल्याच्या कागदावर सह्या करायला चौघं एकामागून एक येऊन गेली होती: पिंजाऱ्याची बायको, युनियनचे अप्पा, कारखान्याचे डॉक्टर आणि प्राध्यापक. मधे मंडळाच्या अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं आणि शिपाई दाराशी पेंगत होता. म्हणजे संधी चौघांनाही होती.

कंपनीच्या वकिलाला चौकशीची गरजच वाटली नाही. "पुरावा ज्यांच्या विरुद्ध, पाकीट त्यांनीच पळवलं. त्या बाईचं घर तपासा."

२

त्या बाईचं घर म्हणजे कंपनीची एक खोली. भिंतीवर आरसा, घड्याळ आणि पोरीच्या शाळेतलं एक प्रशस्तिपत्रक. अप्पा माझ्याआधीच येऊन बसले होते. हजेरीच्या ऑफिसात आयुष्य गेलेला, सडपातळ, मोठ्या आवाजाचा माणूस. दावा त्यांनीच लढवायला घेतला होता.

"मी तेव्हाच म्हणालो होतो, ती ट्रंक मागवू नका," ते माझ्यावर खेकसले. "कंपनीचा माल. आता चोरही आम्हीच." त्यांनी चहाचा पेला उजव्या हातातून डाव्या हातात घेतला आणि उजवा हात झटकला. "मुंग्या येतात. म्हातारपण, दुसरं काय."

ते गेल्यावर बाई नवऱ्याचे सदरे दाखवायला लागली. ती ते उसवून पोरीसाठी बेतत होती. प्रत्येक सदऱ्याच्या एका खांद्याला आतून कापडाची घडी शिवलेली होती.

"तरुणपणी माळ्यावरून पडले. गळ्याखालचं आडवं हाड मोडलं ते नीट बसलंच नाही. हा खांदा कायमचा खाली. अप्पाभाऊजींनी त्यांना पाठीवर घालून दवाखान्यात नेलं होतं."

भिंतीकडे बघून मी विचारलं, "यांचा फोटो नाही कुठे?"

"एकही नाही. फोटोचा भारी तिटकारा. कारखान्यात वर्षाचा फोटोचा दिवस असला की हे घरी. डोक्यावरून चादर घेऊन झोपून राहायचे."

आमच्याही कचेरीत तसा दिवस असतो. साहेब लोक खुर्च्यांवर, बाकीचे मागे उभे. मीही त्या दिवशी दांडी मारते, त्यामुळे मला त्या माणसाबद्दल आपुलकीच वाटली.

"पाकीट तुम्ही घेतलंत?"

"मी कशाला घेऊ? ते वाचलं जावं म्हणून तर मी देव पाण्यात घालून बसले होते. बाई, मला कंपनीचं काही नको. मंडळानं एकदा लिहावं की धुळीनं गेले. मग पिंजण खातं बंद करावं लागतं, असा कायदा आहे म्हणे. माझी पोरगी बापाच्याच मशिनवर उभी आहे. ती कामावर नाही गेली तर ही खोली जाते."

तेवढ्यात पोरगी आली. भुवयांपर्यंत पांढरी झाली होती.

"आधी बाहेर झटक," आई ओरडली.

"झटकून जातं का ते?" पोरगी म्हणाली आणि झटकायला बाहेर गेली.

मला त्या घरात चोर सापडला नाही. पण आपल्याला इथे काहीतरी सांगितलं गेलंय आणि आपण ते ऐकलं नाही, अशी एक रुखरुख परतताना लागली.

३

प्राध्यापकांच्या खोलीत गालिचा होता. त्यांनी मला त्यांच्या निबंधाची छापील प्रत दिली, वर सही करून. मी मागितली नव्हती.

"चोरीनं माझं काहीच बिघडत नाही, मॅडम. एक पाकीट गेलं तरी बाकीची आहेत ना. विज्ञान एका माणसावर उभं नसतं."

"कारखान्यात तुम्ही कधी गेलात?"

"गरज काय? डॉक्टर दरवर्षी फिल्म पाठवतात, आम्ही इथे वाचतो. शिवाय धुळीचा मला त्रास होतो."

हे वाक्य त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं की मला आधी हसू आलं आणि मग संताप आला. निघायला उठले तशी त्यांनी मला थांबवलं. माणसाला श्रोता मिळाला की तो सोडवत नाही.

"या कामगारांत मला आणखी एक गंमत सापडली. जादा बरगडी! मानेच्या मुळाशी उजव्या बाजूला एक आखूडशी बरगडी. एरवी शंभरात एखाद्याला असते, कुणाकुणाचा त्यानं हात बधिर होतो, बहुतेकांना पत्ताही नसतो. आणि इथे? कितीतरी जणांना. मी त्यावर वेगळा निबंध लिहिला. परदेशातून पत्रं आली."

"एका घराण्यातले असतील."

"छे, ठिकठिकाणाहून आलेले लोक. एकमेकांचे कुणीच लागत नाहीत. तेच तर कोडं आहे, मॅडम!"

त्यांचे डोळे लुकलुकत होते. या माणसानं चोरी केली नव्हती हे मला तिथेच कळलं. ज्याला लपवण्यासारखं काही आहे तो ते छापून परदेशात पाठवत नाही.

४

कारखान्याचे डॉक्टर फाटकाशेजारच्या खोलीत बसतात. टेबल, तराजू आणि मागे अंधाऱ्या खोलीत एक्स-रेचं मशिन. त्यांना मी आले याचा कंटाळा होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

"त्या पिंजाऱ्याचं पाकीट जाणं म्हणजे आमचंच नुकसान. काय छाती होती! दरवर्षी तशीच. हाडन् हाड सरळ, कुठे साधी चीरही नाही. पुस्तकात छापावी."

"तुम्हाला तो चांगला आठवतो."

"मी चेहरे बघत नाही, बाई. छात्या बघतो. फोटोच्या दिवशी इथून फाटकापर्यंत रांग असते. चेहरे कुठे बघत बसू?"

"कसल्या फोटोच्या दिवशी?"

त्यांनी माझ्याकडे मी मूर्ख असल्यासारखं पाहिलं. "छातीच्या. कामगार एक्स-रे म्हणत नाहीत, फोटो म्हणतात. आम्हालाही तीच सवय लागली."

मी खुर्चीतून उठले ते नमस्कार न करताच. जन्म गेला मराठी बोलण्यात, दहादा डॉक्टरांकडे छातीचा फोटो काढून झाला, आणि एका बाईनं 'फोटो' म्हटल्यावर मला खुर्च्यांवर बसलेले साहेब दिसले!

पिंजारी फोटोच्या दिवशी घरी चादर घेऊन झोपलेला असायचा. त्याचं गळ्याखालचं हाड मोडून वाकडं बसलं होतं. आणि डॉक्टरांकडे दर वर्षाचा त्याचा फोटो होता, हाडन् हाड सरळ असलेला.

मग मशिनपुढे उभं कोण राहत होतं?

५

बाहेरून आलेले तज्ज्ञ पाकीट नाही म्हणून परत निघाले होते. ते माझ्यासारखेच खवट, त्यामुळे आमचं जमायला वेळ लागला नाही. मी त्यांना म्हटलं, "ते नसेल तर बाकीचे बघा. पिंजण खात्यातले कुणाचेही."

त्यांनी खिडकीचा पडदा सारला आणि एकेक फिल्म काचेला लावायला सुरुवात केली. आधी भराभर, मग सावकाश. मग त्यांनी काही फिल्म बाजूला काढून एकावर एक धरल्या.

"ही बरगडी बघा. मानेपाशी. ही जादा आहे."

"कितीतरी जणांना आहे म्हणे. त्यावर निबंध आहे."

"निबंध?" त्यांनी चष्मा काढला. "आखूड, टोकाला जराशी वळलेली, आणि खाली हृदयाची कडा तंतोतंत तीच. बाई, बोटांचे ठसे जसे दोघांचे सारखे नसतात तसं हे. पाकिटांवर नावं वेगवेगळी आहेत ना?"

"वेगवेगळी."

"नावं असतील वेगवेगळी. छाती एकच आहे."

माझा हात टेबलावरच्या पेल्यावर होता. तो मी उचलला, डाव्या हातात घेतला, आणि उजवा हात हवेत झटकून बघितला. तज्ज्ञांना वाटलं माझं डोकं फिरलं.

६

युनियनच्या ऑफिसात अप्पा एकटेच होते. मी दार लावून घेतलं.

"पाकीट द्या, अप्पा."

"काय पुरावा आहे तुमच्याकडे?" आवाज नेहमीचा मोठा होता, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"चोराला दोन गोष्टी ठाऊक असायला हव्या होत्या. पाकिटातली छाती पिंजाऱ्याची नाही, ही एक. आणि पिंजाऱ्याचं हाड मोडलेलं होतं, म्हणून वहिनींनी ते बोलून दाखवताच वाचणाऱ्याला अदलाबदल पहिल्या नजरेत कळेल, ही दुसरी. वहिनींना हाड ठाऊक आहे, पण अदलाबदल ठाऊक नाही, नाहीतर फोटोच्या तिटकाऱ्याची गोष्ट त्यांनी मला सांगितलीच नसती. डॉक्टरला अदलाबदल ठाऊक आहे, तोच तर बटण दाबतो. पण हाड ठाऊक नाही, म्हणून तर त्यानं हाडांचं कौतुक केलं. शिवाय त्याला लपवायचंच असतं तर त्यानं अख्खी ट्रंक नेली असती, एका पाकिटानं त्याचं भागलं नसतं. प्राध्यापकाला बरगडी दिसली, माणूस दिसला नाही. राहिलं कोण? ज्यानं त्याला पाठीवर घालून नेलं तो. आणि हात का झटकता, अप्पा? म्हातारपण नाही ते. तुम्हाला एक बरगडी जास्त आहे आणि ती कितीतरी जणांच्या पाकिटात आहे."

अप्पांनी उठून भिंतीवरच्या युनियनच्या फलकामागे हात घातला आणि पाकीट माझ्यापुढे ठेवलं.

"जाळायला काडी ओढली होती. हात धजला नाही. त्याचं नाव होतं ना वर."

"सुरुवात कुणी केली?"

"मीच. एकाच्या फोटोत डाग निघाला. त्याच आठवड्यात त्याला काढला, तब्येतीच्या कारणावरून. खोली गेली. बायकापोरं भांडी घेऊन फाटकाबाहेर बसली होती आणि मी आत हजेरी लिहीत होतो. पुढच्या वर्षी दुसरा एक जण रडत आला. मी धुळीपासून लांब बसणारा, माझी छाती साफ. म्हटलं, मी उभा राहतो. सदरा काढला की सगळे सारखेच दिसतात. मग तिसरा आला, चौथा आला. कुणाला नाही म्हणू?"

"आणि डॉक्टर?"

"एकदाच म्हणाला, 'काय अप्पा, आज किती?' बास. त्याला साफ फोटोच हवे होते. आम्हाला नोकऱ्या हव्या होत्या. दोघांचंही भागत होतं."

मला त्यांची दया येत होती आणि तरी मी बोलले. "तुमच्या त्या साफ छातीवर प्राध्यापकानं अख्खा कारखाना साफ ठरवला. धूळ शोषायचे पंखे बसले नाहीत, कारण धूळ कुणाला बाधतच नव्हती. नोकऱ्या वाचवल्यात, अप्पा. माणसं नाही वाचवलीत."

"ते मला कळलं," अप्पा म्हणाले. "तो शेवटचे दिवस बसून झोपायचा तेव्हा कळलं. आडवं झालं की श्वास जायचा त्याचा. मी शेजारी बसायचो आणि माझा श्वास व्यवस्थित चालू असायचा. मग दावा लावला. म्हटलं दवाखान्यातल्या डॉक्टरच्या दाखल्यावर जिंकू. तुम्ही ट्रंक मागवाल असं कुठे वाटलं होतं?"

७

बरगडी ताडून बघायला तज्ज्ञांनी अप्पांचा नवा फोटो काढायला लावला. मोठ्या दवाखान्यात, माझ्यासमोर.

"श्वास भरून घ्या. धरा," मशिनवाला म्हणाला. अप्पांना धरता आला नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा खोकले. चौथ्या खेपेला जमलं.

तज्ज्ञांनी फिल्म उजेडापुढे धरली. "बरगडी तीच," ते म्हणाले. फिल्मच्या तळाशी दोन्हीकडे त्यांचं बोट फिरत होतं. तिथे मलाही दिसावं इतकं बारीक जाळं होतं.

त्यांनी पिंजाऱ्याच्या पाकिटातल्या फिल्म क्रमानं लावल्या. "ही स्वच्छ. हीपण. इथे सुरुवात आहे. इथे वाढलंय. ही शेवटची, हिच्यावरही डॉक्टरनं 'स्वच्छ' लिहिलंय."

"त्याला दिसलं नाही?"

"दिसायला बघावं लागतं. मीही आधी बरगडीच बघत राहिलो, प्राध्यापकही. समोर अप्पा आहेत हे डॉक्टरला माहीत होतं. अप्पा म्हणजे साफ. बघायचं कशाला?"

हजेरीच्या ऑफिसची खिडकी पिंजण खात्याकडे उघडते, हे मी नंतर जाऊन पाहिलं. खिडकीच्या चौकटीत धूळ हातानं ओढता येत होती.

तज्ज्ञ म्हणाले, "एकाच माणसाची छाती, एकही वर्ष न चुकता, साफ होती तिथपासून आजपर्यंत. असला पक्का पुरावा मला जन्मात मिळाला नव्हता. लांब बसणाऱ्याचं हे झालं, तर आतल्यांचं काय?" बोलता बोलता त्यांना आनंद झाला होता. मग अप्पांकडे लक्ष गेलं आणि ते शरमले. "मात्र दावा यांनी स्वतःच्या नावानं करायला हवा. काय केलं ते सगळं सांगून."

अप्पा सदऱ्याची बटणं लावत होते. "ज्यांच्या ज्यांच्या नावानं उभा राहिलो त्या सगळ्यांना फसवणूक म्हणून काढतील. त्यांच्या पोटावर मीच पाय द्यायचा?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला. मग ते मला घेऊन पिंजाऱ्याच्या बायकोकडे गेले आणि तिच्यापुढे खाली मान घालून सगळं सांगितलं.

तिनं विचारलं, "म्हणजे ह्यांच्या छातीत काय होतं ते कुणी बघितलंच नाही?"

"नाही, वहिनी."

"भाऊजी, तुम्ही ह्यांना पाठीवर घालून नेलंत तेव्हा मी तुमच्या पाया पडले होते. आज तुमचं तोंड बघवत नाही." ती रडत नव्हती. "सगळ्यांच्या नावानं उभं राहायला जमलं ना? मग माझ्या पोरीसाठी एकदा स्वतःच्या नावानं राहा."

८

अप्पा राहिले. मंडळापुढे एकटे उभे राहून त्यांनी सगळं सांगितलं. मधे दोनदा त्यांना बसवावं लागलं.

अप्पांना धुळीचाच आजार आहे असं मंडळानं लिहिलं आणि पिंजण खातं बंद झालं. ज्यांच्या पाकिटात अप्पांची बरगडी होती त्यांना कंपनीनं फसवणुकीबद्दल काढून टाकलं, आणि त्यांनी युनियनच्या ऑफिसच्या काचा फोडल्या. डॉक्टरांनी तब्येतीच्या कारणावरून निवृत्ती घेतली. त्यांना हार मिळाला. प्राध्यापकांनी जाहीर दुरुस्ती छापली. त्यात त्यांनी बरगडीचा निबंध मागे घेतला. धुळीचा नाही. त्याच्या निष्कर्षाला या प्रकारानं बाधा येत नाही, असं खाली लिहिलं होतं. पिंजण खात्यातली मशिनं कुणीतरी विकत घेऊन दुसरीकडे नेली, असं ऐकलं.

माझी चौकशी अध्यक्षांनी नावाजली.

पोरगी शिवणकामाच्या दुकानात लागली. खोली गेलीच. सामान हलवलं त्याच दिवशी पिंजाऱ्याची बायको निकालाची प्रत न्यायला माझ्याकडे आली. तिला वाचता येत होतं, तरी म्हणाली, "ह्यांच्याबद्दल लिहिलंय तेवढं तुम्ही वाचा."

मी वाचलं. पिंजाऱ्याच्या नावे सादर केलेले एक्स-रे त्याचे नाहीत. छाती नुसती ऐकून दिलेला दाखला ग्राह्य नाही. त्याच्या छातीच्या तपासणीचा अन्य कोणताही पुरावा उपलब्ध नाही. सबब त्याच्या मृत्यूचं कारण निश्चित करता येत नाही. दावा नामंजूर.

"म्हणजे कशानं गेले?"

"सांगता येत नाही, असं लिहिलंय."

"कुणाला सांगता येत नाही?"

"मंडळाला."

"तुम्हाला येतं?"

"येतं," मी म्हटलं.

"मग तुम्ही लिहा की तिथे."

"मला नाही लिहिता येत. पुरावा नाही."

तिनं प्रत उलटसुलट करून पाहिली. शिक्का होता, सह्या होत्या. मग ती तिनं माझ्या टेबलावर सरळ करून ठेवली आणि पिशवी उचलली.

"मग राहू दे हा कागद तुमच्याचकडे," ती म्हणाली. "ज्यांना माहीत नाही त्यांच्या कामाला येईल."